हायड्रोपोनिक खोलीतला एअर फिल्टर कधी धुवायचा? कर्जत-खालापूरमध्ये उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं

मातीशिवाय, पाण्यात विरघळवलेल्या खतांवर भाजी वाढवायची पद्धत म्हणजे हायड्रोपोनिक्स. ही बाग गच्चीवर किंवा शेडनेटमध्ये असेल, तर एअर फिल्टरचा प्रश्नच येत नाही. पण तीच बाग बंद खोलीत, ग्रो लाइटखाली उभी केली की हवा पंख्याने आत घ्यावी लागते आणि पंख्यापुढे फिल्टर येतो. मग पुढचा प्रश्न असतो: हा फिल्टर किती दिवसांनी साफ करायचा?

खोक्यावर बहुतेक वेळा ‘दर ३ महिन्यांनी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही सूचना कुठल्याही गावाला, कुठल्याही हवेला लागू पडावी अशी केलेली असते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मात्र वर्षभरात हवा चार वेळा स्वभाव बदलते. एप्रिलमध्ये राबाचा धूर, जुलैमध्ये भिंतींना ओल आणणारी दमट हवा, ऑक्टोबरनंतर भाताच्या झोडणीचा भुसा, थंडीत धुक्याबरोबर खाली बसणारा वीटभट्टीचा धूर. इथे ‘३ महिने’ कधी फार उशिरा ठरतात, तर कधी फिल्टर धुळीने चोंदायच्या आधीच ओल धरून बुरसटतो.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

- फिल्टर तारखेवर धुऊ नका, हवेचा प्रवाह मोजून धुवा. मोजायची घरगुती पद्धत पुढे दिली आहे.
- घरगुती लेट्यूस, बेसिल, पालकाच्या बागेला कोळशाचा फिल्टर सहसा लागत नाही.
- पावसाळ्यात धूळ कमी आणि ओल जास्त असते. तेव्हा फिल्टर कोरडा ठेवणं हेच मुख्य काम.
- धुता येणाऱ्या फिल्टरचे दोन जोड ठेवा. जुलैमध्ये धुतलेला फिल्टर एका दिवसात वाळत नाही.
- ब्लीच आणि पीएच कमी करायचं द्रावण कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

बंद खोलीला फिल्टर लागतोच का?

‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला १९३७ च्या सुमारास, अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम गेरिके यांच्यामुळे. भारतात १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंग भागातल्या कालिम्पाँगला त्याचे प्रयोग केले. त्या काळच्या कामात एअर फिल्टरचं नावही नव्हतं, कारण रोपं उघड्या हवेत होती. वारा, ऊन आणि भक्षक कीटक आपापलं काम करत होते.

बंद खोलीत हे तिन्ही नसतात. गेल्या दशकात मुंबईत अंधेरीला हर्बिव्होर फार्म्स आणि गोव्यात म्हापशाजवळ करासवाड्याला लेट्सेट्रा अशा बंदिस्त जागेतल्या हायड्रोपोनिक शेती उभ्या राहिल्या. त्यानंतर कोकणपट्टीतही ‘घरातल्या खोलीत भाजी’ ही कल्पना ओळखीची झाली. खोली बंद असल्यामुळे कीड बाहेर राहते हा तिचा मोठा फायदा. पण एकदा का फुलकिडे किंवा भुरीचे बीजाणू आत शिरले, की त्यांना अडवणारा पाऊस, वारा किंवा ढालकिडा आत नसतो. म्हणून अडवायचं ते दारातच, म्हणजे फिल्टरवर.

फिल्टरचे मुख्य प्रकार असे:

- कीटकरोधक जाळी: ४० किंवा ५० मेशची बारीक नेट. पांढरी माशी, मावा, चिलटं अडतात. फुलकिडे फारच बारीक असल्याने त्यातले काही निसटतात.
- प्री-फिल्टर: फोम किंवा पांढऱ्या सिंथेटिक लोकरीसारखा पॅड. बाजारात यातला एक प्रकार ‘जी-४’ नावाने मिळतो. रस्त्याची धूळ, तूस, परागकण आणि मोठे बीजाणू पकडतो. बहुतेक सिंथेटिक पॅड धुता येतात.
- हेपा फिल्टर: घड्या घातलेल्या बारीक तंतूंचा. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. हा सहसा धुता येत नाही.
- कोळशाचा फिल्टर: ॲक्टिव्हेटेड कार्बनचा. हा कणांसाठी नाही, वासासाठी असतो.

मग कोळशाचा फिल्टर सगळे का सांगतात?

इंटरनेटवर ‘इनडोअर हायड्रोपोनिक्स’ शोधलं की कोळशाच्या फिल्टरचे शेकडो व्हिडिओ दिसतात. त्यातले बरेच अमेरिका-कॅनडातल्या गांजा उत्पादकांसाठी केलेले असतात. त्या झाडाचा वास उग्र, म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेला कोळशाचा फिल्टर. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. लेट्यूस, पालक, बेसिल, पुदिना यांच्या वासाने शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. त्यामुळे घरगुती भाजीच्या खोलीत हा खर्च बहुधा वायाच जातो.

आपल्या हवेत त्याचा आणखी एक तोटा आहे. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत वास जसा अडकतो तशी पाण्याची वाफही अडकते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की वाफ जागा अडवते आणि वास पकडायची ताकद घटते. कर्जतच्या पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. ‘कोळसा उन्हात ठेवला की पुन्हा नवा होतो’ हेही अर्धसत्य आहे. उन्हाने ओल जाते, अडकलेले पदार्थ बरेचसे तिथेच राहतात. कारखान्यात कोळसा पुन्हा कामाचा करायला साधारण ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं.

घरगुती खोलीसाठी जाळी आणि त्यामागे प्री-फिल्टर ही जोडी बहुतेकांना पुरते. रोपवाटिका किंवा मायक्रोग्रीन्ससारखं नाजूक काम असेल, किंवा खोली रस्त्याला लागून असेल, तर तिसरा थर म्हणून हेपा.

चोंदलेला फिल्टर पिकाचं नेमकं काय बिघडवतो?

‘फिल्टर मळला म्हणजे हवा घाण येते’ असं आपण समजतो. प्रत्यक्षात मळका फिल्टर कण जास्तच पकडतो, कारण साचलेली धूळ स्वतःच चाळणीचं काम करू लागते. तोटा होतो तो हवेच्या प्रवाहाचा.

एक हिशेब करू. खोली १० बाय १० फूट, उंची ९ फूट. म्हणजे ९०० घनफूट हवा. पंखा मिनिटाला १५० घनफूट हवा खेचत असेल, तर ६ मिनिटांत खोलीतली हवा एकदा बदलते. फिल्टर चोंदून प्रवाह ५० वर आला, तर त्याच कामाला १८ मिनिटं लागतात. पंख्याचा आवाज तेवढाच येत राहतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही.

आत मात्र एकामागून एक गोष्टी घडतात.

पहिली, ओल वाढते. रोप मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून वाफ करून सोडतं. टाकीत दिवसाला १० लिटर पाण्याची भर घालावी लागत असेल, तर त्यातलं बहुतेक पाणी खोलीच्या हवेत गेलेलं असतं. ते बाहेर न्यायचं काम पंख्याचं.

दुसरी, पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम रोपात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. हवा कोंदट आणि थांबलेली असली की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांतून वाफ निघत नाही आणि कॅल्शियम तिथवर पोचत नाही. पानांच्या कडा तपकिरी पडतात. अनेक जण खताचं प्रमाण वाढवतात. टाकीत कॅल्शियम पुरेसं असतंच, अडलेली असते ती हवा.

तिसरी, भुरी आणि करडी बुरशी. दमट, स्थिर हवेत या बुरशींना आयतं घर मिळतं.

चौथी गोष्ट सहज लक्षात येत नाही. हवा नेहमी सोपी वाट शोधते. खोलीत नुसता एक्झॉस्ट फॅन असेल, तर तो बाहेर फेकतो तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. फिल्टर मोकळा असेल तर फिल्टरमधून, नाहीतर दाराखालून, खिडकीच्या फटीतून, वायरच्या भोकातून. फिल्टर जितका चोंदतो तितकी न गाळलेली हवा, आणि तिच्याबरोबर कीड, जास्त येते. यावर उपाय म्हणजे फिल्टर लावलेला पंखा हवा आत ढकलेल अशी मांडणी. मग खोलीतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही.

पंख्याबद्दलही एक सूचना. खोक्यावरचा हवेचा आकडा बहुधा फिल्टर न लावता मोजलेला असतो. स्वयंपाकघरातल्या साध्या एक्झॉस्ट फॅनला दाटीतून हवा खेचायची ताकद कमी असते. फिल्टर लावायचा असेल, तर इनलाइन ब्लोअर घ्या आणि फिल्टर पंख्याच्या तोंडापेक्षा मोठ्या आकाराचा निवडा. क्षेत्रफळ दुप्पट केलं, तर तो हवा कमी अडवतो आणि धुण्यातलं अंतरही बरंच वाढतं.

कर्जत-खालापूरची हवा: कोणत्या महिन्यात काय?

मार्च ते मे: राब, वणवे आणि रस्त्याची धूळ. भाताचा दाढ टाकण्याआधी शेतात शेण, पालापाचोळा, कवळं आणि गवत पसरून राब भाजतात. डोंगरउतारांवर वणवेही लागतात. हा धूर अतिबारीक कणांचा असतो. बरेचसे कण २.५ मायक्रॉनहून लहान, त्यामुळे साध्या प्री-फिल्टरमधून ते आरपार जातात. धुरात इथिलीन वायूही असतो. टोमॅटो-मिरचीची फुलं त्याने गळू शकतात आणि त्याला साधा कोळसाही फारसा अडवत नाही. म्हणून आजूबाजूला राब पेटलेला दिसला, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तेवढे काही तास बाहेरची हवा बंद करून आतले छोटे पंखे चालू ठेवणं. या महिन्यांत प्री-फिल्टर आठवड्याला बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, खालापूर-खोपोलीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा खडी वाहणाऱ्या डंपरच्या वाटेवर घर असेल, तर आठवड्यातून दोनदा.

जूनचा पहिला पाऊस: किड्यांची झुंबड. पहिल्या सरींनंतर पंख फुटलेली वाळवी आणि इतर किडे संध्याकाळी उजेडाकडे धावतात. ग्रो लाइटचा प्रकाश खिडकीतून बाहेर पडत असेल, तर ते थेट हवा घ्यायच्या जाळीवर येऊन चिकटतात. एका रात्रीत जाळी पंखांनी भरू शकते. त्या आठवड्यात दिव्यांची वेळ दिवसाकडे सरकवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि जाळी रोज सकाळी कोरड्या ब्रशने झाडा.

जुलै ते सप्टेंबर: ओल. माथेरानच्या डोंगरापासून बोरघाटापर्यंतच्या या पट्ट्यात सह्याद्री पाऊस अडवतो. हवेतली धूळ धुऊन जाते, पण फिल्टर ओला होतो. ओला फिल्टर आणि त्यावरची जुनी धूळ हे बुरशीचं अन्न. मग फिल्टर बीजाणू अडवायच्या ऐवजी स्वतःच सोडू लागतो. कुबट वास ही त्याची पहिली खूण. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे हवा घ्यायचं तोंड शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा आणि त्याला खाली वळलेला पाइप किंवा पत्र्याची झड लावा. जुनी, धुळीने भरलेली गादी जूनच्या आधीच बदला. पावसाळ्यात ती घेऊन जाऊ नका.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फिल्टर हवा कोरडी करत नाही. बाहेर ९५ टक्के आर्द्रता असताना पंखा जास्त चालवला, तर जास्त ओली हवा आत येते. बाहेरची २५ अंशांची अशी हवा दिव्यांच्या उष्णतेने २८ अंशांवर गेली, तर आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांवर उतरते. दिवे बंद झाले की पुन्हा चढते. म्हणून पावसाळ्यात बाहेरची हवा दिवे चालू असतानाच घ्या, तीही कमी. बाकी काम डीह्युमिडिफायर किंवा एसीला करू द्या. त्या यंत्रांनाही आपापली जाळी असते आणि तीही दोन आठवड्यांनी धुवावी लागते.

ऑक्टोबर ते डिसेंबर: भाताचं तूस. कर्जत तालुका भाताचा आहे. भाताचं संशोधन केंद्रही कर्जतलाच आहे आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी वाणं त्याच नावाने ओळखली जातात. हळवं भात ऑक्टोबरमध्ये, गरवं नोव्हेंबरमध्ये निघतं. कापणी-झोडणीच्या दिवसांत तूस, पेंढ्याची कुसळं आणि गवताचे परागकण हवेत असतात. कण मोठे, म्हणून प्री-फिल्टर ते चांगले पकडतो, पण भरतोही झपाट्याने. शेजारच्या खळ्यावर मळणी यंत्र चालू असेल, तर त्याच संध्याकाळी फिल्टर झटका.

डिसेंबर ते फेब्रुवारी: थंडी, धुकं, वीटभट्ट्या. थंड सकाळी हवा वर उठत नाही, त्यामुळे भट्टीचा आणि शेकोट्यांचा धूर जमिनीलगत राहतो. बाहेरची हवा पहाटे न घेता दुपारी घ्या. बागेसाठी हा वर्षातला सर्वांत सोपा काळ. वर्षभराची दुरुस्ती, फटी बुजवणं, पंख्याची पाती पुसणं ही कामं तेव्हा उरकावीत.

फिल्टर धुवायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

मोठ्या हरितगृहांत फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक मोजतात. नवा असतानाच्या आकड्याच्या दुप्पट झाला की फिल्टर बदलायचा, असा साधा नियम वापरता येतो. घरी वाऱ्याचा वेग मोजणारं छोटं यंत्र वापरता येतं. तेही नको असेल, तर ही पद्धत करून बघा:

१. नव्या गादीला येतं तसलं प्लास्टिकचं मोठं कव्हर घ्या. त्याला भोक नसावं.

२. खोलीची दारं-खिडक्या बंद करा. कव्हर चपटं करून त्याचं तोंड हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या किंवा पाइपच्या तोंडाला घट्ट धरा. मदतीला एक माणूस घ्या.

३. पंखा सुरू करा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. कव्हर पूर्ण फुगायला किती सेकंद लागले ते व्हिडिओत मोजा.

४. नवा फिल्टर लावल्यावर आलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

समजा, नव्या फिल्टरला ८ सेकंद लागले. पुढे कधी १० सेकंद लागले, तर प्रवाह ८० टक्क्यांवर आला आहे, धुवायची वेळ झाली. १२ सेकंद लागले, तर एक तृतीयांश हवा कमी झाली आणि आधीच उशीर झाला आहे. धुऊनही आकडा ९ च्या खाली येत नसेल, तर गादी बदला.

धुवायची रीत

- पंखा बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने, पाण्याच्या टाकीजवळ विजेचं काम नको. अशा खोलीला ईएलसीबी किंवा आरसीसीबी असायलाच हवं.
- एन-९५ मास्क लावा. दमा किंवा ॲलर्जी असलेल्याने हे काम करू नये.
- फिल्टर खोलीतच झटकू नका. पिशवीत घालून बाहेर न्या, वाऱ्याकडे पाठ करून झटका.
- हवा ज्या बाजूने शिरते तिच्या उलट बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने निघते. कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरे. पिळू नका, ब्रशने घासू नका, गाड्या धुवायचा प्रेशर पंप तर नकोच.
- साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. उभा करून सावलीत वाळवा.
- चौकटीच्या कडेची फोमची पट्टी तपासा. बोटभर फट राहिली तरी हवा तिथूनच जाईल.

पावसाळ्यात फिल्टर वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात. अर्धवट ओला फिल्टर परत लावणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणूनच दुसरा जोड हवा: एक पंख्यावर, एक दोरीवर.

हेपावरची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने अलगद ओढता येते, पण पाणी लावलं की तंतू चिकटतात आणि गाळण्याची क्षमता जाते. प्री-फिल्टर वेळेवर धुतला तर हेपाचं आयुष्य आपोआप वाढतं. बुरशी दिसलेला हेपा पिशवीत बांधून टाकूनच द्या.

एक फिल्टर सगळे विसरतात

टाकीत बुडबुडे सोडणाऱ्या एअर पंपाच्या तळाशी किंवा मागे नमद्याचा छोटा तुकडा असतो. खोलीतली हवा त्यातून पंपात आणि तिथून थेट मुळांजवळ जाते. तो चोंदला की पंप तापतो, आतला रबरी पडदा लवकर फाटतो आणि पाण्यातला प्राणवायू घटतो.

याची किंमत उन्हाळ्यात कळते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. एप्रिल-मेमध्ये टाकी तापलेली, त्यात पंप अर्धवट चालणारा. अशा वेळी मूळकूज धरते, पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात आणि पीक दोन-तीन दिवसांत माना टाकतं. नमद्याचा तुकडा महिन्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून परत लावा. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरत नाही. वादळी पावसात वीज बराच वेळ जात असेल, तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्या.

हे करू नका

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आणू नका. हायड्रोपोनिक्स करणाऱ्याच्या फळीवर पीएच कमी करायचं द्रावण असतंच. ते फॉस्फोरिक किंवा नायट्रिक ॲसिडचं असतं. त्याच बादलीत किंवा मोरीत ब्लीच पडलं, तर क्लोरीन वायू निघतो. लहान बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आणि संडास साफ करायच्या ॲसिडलाही हेच लागू. फिल्टर धुवायला ब्लीचची गरजच नाही.

ओझोन यंत्र लावू नका. ‘हवा निर्जंतुक करतं’ म्हणून ते विकलं जातं. बुरशी मारण्याइतका ओझोन माणसाच्या फुफ्फुसांना आणि पानांनाही अपायकारक असतो.

निंबोळी तेल फवारताना पंखा चालू ठेवू नका. तेलाचे थेंब फिल्टरवर बसले की धूळ घट्ट चिकटते आणि धुऊन निघत नाही. फवारणी करा, थेंब खाली बसू द्या, मग पंखा लावा.

फिल्टर चोंदला म्हणून काढून ठेवून पंखा चालवू नका. एका रात्रीत शिरलेले फुलकिडे काढायला महिना लागतो. दुसरा जोड नसेल, तर तात्पुरती नुसती जाळी तरी लावा.

एसी आहे म्हणजे ताजी हवा आहे असं समजू नका. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. बंद खोलीत उजेडात रोपं तो वापरून कमी करतात आणि वाढ मंदावते. दिवसातून काही वेळ गाळलेली बाहेरची हवा आत यायलाच हवी.

शनिवार-रविवारची बाग असेल तर?

कर्जत, नेरळ, खालापूरकडच्या अनेक फार्महाऊसवर मालक मुंबई-पुण्याहून फक्त शनिवार-रविवारी येतात. मधले पाच दिवस बाग राखणदार दादांच्या किंवा मावशींच्या हाती असते. ‘फिल्टर बघा’ एवढं सांगून भागत नाही. काय बघायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, पंख्याशेजारी लावा:

- रोज: जाळीवर किडे आहेत का? कुबट वास येतो का? आर्द्रतेचा आकडा वहीत लिहा.
- आकडा ८० च्या वर सलग दोन दिवस: फोन करा.
- शेजारी राब, वणवा किंवा कचरा पेटला: बाहेरच्या हवेचं बटण बंद, आतले पंखे चालू.
- वीज गेली: आधी एअर पंप बॅटरीवर.
- शनिवारी: कव्हर फुगवून सेकंद मोजायचे, तारखेसह भिंतीवर लिहायचे.

ही नोंद वर्षभर ठेवली, तर पुढच्या वर्षी तुमच्याच खोलीचं वेळापत्रक तुमच्याकडे असेल. दामतजवळच्या शेतातल्या घराचं आणि खोपोलीत रस्त्यालगतच्या सदनिकेचं वेळापत्रक सारखं निघणार नाही. एकाला झोडणीच्या आठवड्यात फिल्टर दोनदा धुवावा लागेल, तर दुसऱ्याला मे महिन्यात दर चौथ्या दिवशी.

आणि खोली उभारायच्या आधी एक विचार जरूर करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली उघडी हवा लेट्यूस-पालकाला बऱ्यापैकी मानवते. शेडनेट आणि ४० मेशची जाळी एवढ्यावर चार महिने भाजी निघू शकते, तीही फिल्टर, एसी आणि त्याच्या वीजबिलाशिवाय. बंद खोली मग उरलेल्या आठ महिन्यांपुरती चालवायची की अजिबात नको, हे पहिल्या हिवाळ्यानंतर ठरवलं तरी चालेल.